बोट लागण्याचा छोटासा इतिहास

गेल्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. ताईने आणि मी मिळून मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची चौघांची तिकिटं काढली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. बाबांनी लगेच नाचणारे इमोजी पाठवले. आईची व्हॉइस नोट अर्ध्या तासाने आली. त्यात दोन प्रश्न होते. "अरे, बोटीवर केस कुठे वाळवायचे? आणि मला बोट लागते, त्याचं काय?" शेवटी एक वाक्य होतं, "तुम्ही तिघं जा, मी घरीच बरी."

आईचे केस कमरेखाली जातात. न्हायल्यावर ते गच्चीत उन्हात दोन तास मोकळे सोडायचे, हा तिचा जन्माचा नेम. ओल्या केसांनी झोपलं की डोकं जड होतं, असं तिचं म्हणणं. पण खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात होती. सत्तरच्या दशकात, सहा-सात वर्षांची असताना, ती आजोबांबरोबर भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीत बसली होती. डेकवर वळकट्या पसरून माणसं दाटीवाटीने झोपलेली. रात्री आईला बोट लागली आणि तिने शेजारच्या अनोळखी बाईच्या वळकटीवर उलटी केली. त्या बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. वळकटी गुंडाळली आणि दुसरीकडे जाऊन बसल्या. "ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," असं आई अजून म्हणते.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. दोन्ही प्रश्नांची उत्तरं दोन मिनिटांत सापडली: केबिनमध्ये ड्रायर असतो, आणि बोट न लागण्याची गोळी मिळते. आईचं समाधान झालं नाही. मग मी खोलात शिरलो आणि आठवडाभर तिथेच राहिलो.

आपल्याकडे ऊन लागतं, थंडी लागते, दृष्ट लागते, तशीच बोट लागते. म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन लागतं. माणसाचा दोष नाही. ग्रीक लोकांनी तर मळमळीचं नावच जहाजावरून ठेवलं. 'नाउस' म्हणजे जहाज, त्यावरून 'नॉशिया'. तरीही बोट लागणं हा शतकानुशतकं कमकुवतपणा मानला गेला आणि त्याची लाज वाटत राहिली. ती कुणाकुणाला लागत होती हे पाहिलं, की ही लाज किती पोकळ आहे ते कळतं. होरेशियो नेल्सन बाराव्या वर्षी इंग्लंडच्या नौदलात गेला. १८०४ मध्ये, म्हणजे ट्राफल्गरच्या लढाईच्या आदल्या वर्षी, हा अ‍ॅडमिरल पत्रात लिहीत होता की जोराचा वारा सुटला की अजूनही मला त्रास होतो. चार्ल्स डार्विन २७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल' जहाजावरून निघाला आणि जवळजवळ पाच वर्षांनी परतला. या सगळ्या काळात त्याची बोट लागणं काही थांबलं नाही. समुद्र खवळला की तो आडवा पडून राही, आणि मनुक्यांसारखं थोडंसं काहीतरीच पोटात टिके. संधी मिळेल तिथे तो जमिनीवर उतरला. त्या पाच वर्षांतला बराच मोठा काळ त्याने किनाऱ्यावर काढला, आणि त्याचं बरंचसं निरीक्षण तिथेच झालं.

मला सर्वांत जवळचा वाटला तो हेन्री बेसेमर, कारण त्याने केलेली चूक आमच्या धंद्यात रोज होते. पोलाद स्वस्तात बनवण्याची पद्धत शोधून तो श्रीमंत झाला होता. १८६८ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना त्याला बोट इतकी लागली की त्याने या रोगाचाच निकाल लावायचं ठरवलं. कल्पना अशी, की जहाज हललं तर हलू दे, आतला दिवाणखाना हलता कामा नये. सत्तर फूट लांब, तीस फूट रुंद असा आलिशान दिवाणखाना आसावर टांगायचा. एका माणसाने पाणसळीकडे बघत बसायचं आणि जहाज जिकडे कलेल त्याच्या उलट दिशेला हायड्रॉलिक यंत्राने दिवाणखाना वळवायचा. म्हणजे सगळी यंत्रणा एका माणसाच्या डोळ्यांवर आणि हातांवर चालणार. लाट आली, बुडबुडा सरकला, डोळ्यांना दिसला, हात हलला, तोवर पुढची लाट आलेली. दुरुस्ती उशिरा पोहोचली की दुरुस्तीच बिघाड होते, हे सर्व्हर सांभाळणारा कुणीही सांगेल.

'एस. एस. बेसेमर' हे जहाज १८७५ मध्ये खाडीत उतरलं. एप्रिलमध्ये चाचणीच्या फेरीत ते कॅलेच्या धक्क्याला धडकलं. ८ मेला लोकांना घेऊन पहिली फेरी झाली तेव्हा तो दिवाणखाना जागच्या जागी पक्का जखडून ठेवला होता, तरीही जहाजाने त्याच बंदरात पुन्हा धक्का मोडला. वर्षभरात कंपनी बुडाली. दिवाणखाना जहाजाच्या रचनाकाराने आपल्या घराला जोडून घेतला. पुढे तिथे बागकामाचं कॉलेज झालं आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तो नष्ट झाला.

बेसेमरने जहाजाचा दोष शोधला. खरा मामला कानात होता. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीर कसं वळतंय ते त्या मेंदूला कळवतात. बंद केबिनमध्ये डोळे म्हणतात, भिंत स्थिर आहे. कान म्हणतात, आपण झोके खातोय. हा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं, अशी आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली मांडणी आहे. क्षितिजाकडे बघत बसलं की बरं वाटतं ते यामुळेच: डोळे आणि कान पुन्हा एकच गोष्ट सांगू लागतात.

याचा पुरावा मला एका गोष्टीत मिळाला, आणि तीच मी आईला सांगितली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलाला आणि पुढे नासाला अंतराळात माणसाला मळमळतं का, हे समजून घ्यायचं होतं. त्यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजातून अकरा कर्णबधिर पुरुष निवडले. त्यांतल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणी मेंदुज्वराने गेलं होतं, आणि त्याबरोबर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही. कॅनडात नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात काही जणांना बोटीने नेलं. ते मजेत पत्ते खेळत बसले. संशोधकांनाच बोट इतकी लागली की प्रयोग गुंडाळावा लागला.

मी आईला म्हटलं, "तुला बोट लागते, कारण तुझे कान शाबूत आहेत. ज्यांना कधीच लागली नाही, त्यांची ती यंत्रणा बंद पडलेली होती."

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे त्या बाईंना कोण सांगणार?"

गोळीची गोष्टही गमतीची आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अ‍ॅलर्जीवरच्या एका नव्या औषधाची तपासणी चालू होती. अंगावर पित्त उठायचं म्हणून ते घेणाऱ्या एका गरोदर बाईने सांगितलं की औषध घेतल्यापासून ट्राममध्ये मळमळत नाही. डॉक्टरांनी ते कानाआड केलं नाही. पुढच्या वर्षी 'जनरल बॅलू' या जहाजावरून अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकांवर त्याची चाचणी झाली आणि 'ड्रामामिन' बाजारात आलं. जहाजंही सुधारली. १९३२ मध्ये 'कॉन्ते दी सावोया' या इटालियन जहाजात तीन प्रचंड जायरोस्कोप बसवले होते. नंतर जहाजाच्या पोटाला माशासारखे पंख आले. आजची क्रूझ जहाजं डुलणं कमी करतात ती याच पंखांनी. काम तेच, जे बेसेमरला हवं होतं. फक्त पाणसळीकडे बघणाऱ्या माणसाच्या जागी आता सेन्सर आहे.

राहिले केस. जुन्या जहाजांवर गोडं पाणी जपून वापरावं लागे, म्हणून टबात गरम केलेलं खारं पाणी असे आणि अंगावरून शेवटी घ्यायला थोडं गोडं. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, चोथा होतो. खोबरेल तेलाचा साबण मात्र चालतो, म्हणून खलाशांचा साबण खोबरेलाचा असे. हे ऐकून आईचा चेहरा अभिमानाने फुलला. मिठाने धुतलेले केस नीट वाळतही नाहीत, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. आज जहाजावरच समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी बनवतात, तेव्हा तो प्रश्न मिटला.

ड्रायरचा मात्र मिटला नाही. घरून इस्त्री किंवा सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर चढतानाच काढून घेतात. घरच्या वायरिंगमध्ये एक तार जमिनीला जोडलेली असते. जहाजावर सहसा दोन्ही तारा जहाजाच्या सांगाड्यापासून अलग ठेवतात, म्हणजे एका ठिकाणी बिघाड झाला तरी वीजपुरवठा चालू राहतो. घरगुती सर्ज प्रोटेक्टर तिथे भलतीच वाट मोकळी करू शकतो आणि तापून पेट घेऊ शकतो. आणि समुद्रात आगीपासून पळायला जागा नसते. १३ नोव्हेंबर १९६५ ला मायामीहून नासाऊला निघालेल्या 'यार्माउथ कॅसल' जहाजावर एका अडगळीच्या खोलीत आग लागली. १९२७ साली बांधलेल्या त्या जहाजात आत लाकडी काम भरपूर होतं. नव्वद माणसं गेली, आणि त्यानंतर प्रवासी जहाजांच्या आगीबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. केबिनच्या भिंतीवर टांगलेला तो किरकोळ ताकदीचा ड्रायर या सगळ्यातून आलेला आहे.

आई आली. केबिन आम्ही मुद्दाम खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घेतली, कारण तिथे झोका सर्वांत कमी लागतो. पहिल्या रात्री तिने गोळी घेतली, तरी थोडं मळमळलंच. सकाळी ती न्हायली, ड्रायरकडे बघितलंही नाही, आणि केस मोकळे सोडून डेकवर क्षितिजाकडे तोंड करून बसली. शेजारच्या खुर्चीत एक लहान मुलगी पांढरीफटक होऊन बसली होती. तिची आई तिला रागावत होती.

आईने पर्समधून आवळासुपारीची डबी काढली आणि त्या बाईंना म्हणाली, "तिला ओरडू नका हो. तिचे कान चांगले आहेत."