लष्कराच्या रेडिओने वाचवलेला बायांचा बँड

लाखेच्या बांगड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, त्यांच्या अंगातून निघणाऱ्या रसाचा थर फांदीवर चढतो. तो खरवडून, धुऊन, वितळवला की लाख तयार होते. आपल्या गोंदियाकडे, पलीकडे छत्तीसगड-झारखंडात हे काम आजही चालतं आणि त्यात बायांचा वाटा मोठा आहे. पण लाख नुसती बांगड्यांत जात नव्हती. गाण्याच्या जुन्या काळ्या तबकड्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून बनत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि हातातून पडली की बशीसारखे तुकडे.

आजची गोष्ट तबकड्यांची आहे, आणि ज्यांच्या तबकड्या फारशा निघाल्याच नाहीत अशा बायांची. गोष्ट अमेरिकेतली.

तिथे १९३५ ते १९४५ च्या सुमाराला स्विंग नावाच्या संगीताने सगळ्यांना वेड लावलं होतं. जॅझ हे तिथल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत, आणि स्विंग हा त्याचा नाचायला लावणारा प्रकार. पंधरा-सोळा वादकांचा ताफा असे: ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम. आपल्या वरातीच्या बँडमध्ये यातली बरीच वाद्यं आपण ऐकतो. आणि हे संगीत आपल्याला अगदीच परकं नाही. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांनी १९५१ सालच्या ‘अलबेला’ सिनेमात हीच चाल आणली. त्यात ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ. ती गाणी लागली की पाय आपोआप हलतात. तेच स्विंग, असं समजा.

तर मिसिसिपी राज्यात पायनी वुड्स नावाची शाळा होती. लॉरेन्स जोन्स या काळ्या शिक्षकाने ती १९०९ मध्ये गरीब काळ्या मुलांसाठी काढली. शाळा चालवायला पैसा लागे, म्हणून मुलांचे गाण्याबजावण्याचे ताफे गावोगाव पाठवून वर्गणी जमवायची रीत तिथे होती. १९३७ मध्ये जोन्स यांनी मुलींचा स्विंग बँड उभा केला. नाव ठेवलं ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’. ‘इंटरनॅशनल’ म्हणायचं कारण असं की बहुतेक मुली काळ्या असल्या, तरी कुणाचा बाप चिनी, कुणी मेक्सिकन, कुणी तिथल्या मूळनिवासी वंशाची.

मुली वाजवत गेल्या, नाव होत गेलं. शाळेसाठी पैसा येत होता, पण मुलींच्या हाती काय? दिवसाला जेवणाचा एक डॉलर आणि आठवड्याला वरखर्चाचा एक डॉलर. सतत दौऱ्यावर असल्याने वर्ग बुडायचे. शेवटी १९४१ मध्ये त्यांनी बस घेऊन शाळा सोडली आणि राजधानी वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला बिऱ्हाड केलं. विशीच्या आतबाहेरच्या पोरींनी केलेलं हे काम आहे. शाळेचे उपकार होतेच, पण उपकाराच्या नावाखाली किती राबायचं याला मर्यादा असते, असं आम्हाला वाटतं.

पुढे अॅना मे विनबर्न समोर उभी राहून बँड चालवू लागली. व्हाय बर्नसाइड सॅक्सोफोनवर, पॉलीन ब्रॅडी ड्रमवर. ट्रंपेटवर टायनी डेव्हिस. टायनी म्हणजे चिमुकली, आणि बाई होती चांगली भरल्या अंगाची! लुई आर्मस्ट्राँग, म्हणजे ट्रंपेटचा राजाच म्हणा, त्याने जास्त पगार देऊन तिला आपल्या बँडमध्ये बोलावलं होतं आणि आपण या पोरींना सोडून गेलो नाही, असं ती सांगत असे.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या-काळ्यांची शिवाशीव कायद्याने पाळली जायची. काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत बसता येत नसे. म्हणून या मुली बसमध्येच झोपायच्या, बसमध्येच खायच्या. १९४३ पासून बँडमध्ये काही गोऱ्या मुलीही आल्या. मग पंचाईत उलटी झाली. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राहणं, एकत्र वाजवणं हाच तिथे गुन्हा. गोऱ्या मुली तोंडाला गडद रंग फासून मंचावर बसत. रॉझ क्रॉन या गोऱ्या सॅक्सोफोनवालीला टेक्सासातल्या एल पासो गावात काळ्या सैनिकाबरोबर रस्त्याने जाताना पकडलं आणि तिला रात्र कोठडीत काढावी लागली.

एवढं नाव होतं, न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरपर्यंत गर्दी खेचत होत्या, मग तबकड्या का नाहीत?

एक कारण आपल्या लाखेपर्यंत येतं. १९४२ मध्ये युद्धामुळे पूर्वेकडून जाणारी लाख अडली. जी होती ती युद्धाच्या कामाला हवी होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांच्या कंपन्यांना मिळणारी लाख सत्तर टक्क्यांनी तोडली. मग लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या दळून नव्या काढायची वेळ आली. कितीतरी जुनं संगीत तेव्हा असं दळलं गेलं.

दुसरं कारण संपाचं. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग बंद केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हॉटेलात आणि रेडिओवर तबकडी वाजली की जिवंत वादकाची रोजी जाते, तर कंपन्यांनी त्याचा मोबदला द्यावा. काही मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत नमल्या नाहीत. म्हणजे हा बँड भरात असतानाची दोन-सव्वादोन वर्षं गेली.

पण ही कारणं पुरुषांच्या बँडलाही लागू होती. त्यांच्या तबकड्या आधीही निघाल्या, नंतरही. खरी अडचण वेगळी होती. ‘डाउन बीट’ या जॅझच्या मोठ्या मासिकाने १९३८ मध्ये बाया वादक म्हणून कमी का असतात, अशा मथळ्याचा लेखच छापला होता. बायांचा बँड ही डोळ्यांनी बघायची गंमत, कानांनी ऐकायची वस्तू नव्हे, असा समज. त्यात काळ्या बाया. युद्ध संपताना, १९४५-४६ मध्ये, दोन कंपन्यांनी त्यांची मोजकी गाणी काढली, तेवढीच. १९४९ मध्ये बँड मोडला.

मग आज आपल्याला त्यांचं वाजवणं ऐकू कसं येतं? रेडिओमुळे. अमेरिकी लष्कराचा स्वतःचा रेडिओ होता आणि त्यावर काळ्या सैनिकांसाठी ‘ज्युबिली’ नावाचा कार्यक्रम असे. कार्यक्रम अमेरिकेत ध्वनिमुद्रित करायचा, परातीएवढ्या सोळा इंची तबकड्यांवर उतरवायचा आणि जगभरच्या छावण्यांत पाठवायचा. लष्करी कामाला संपाची अडचण नव्हती. सैनिकांना हा बँड इतका आवडे की त्यांनी पत्रं लिहून लिहून मागणी केली आणि १९४५ मध्ये मुली गणवेश घालून फ्रान्स-जर्मनीत वाजवून आल्या. पण या तबकड्या सरकारी. विकायच्या नव्हत्या, कुणी घरी न्यायच्या नव्हत्या. काम झालं की टाकून द्यायच्या. कुणीतरी टाकल्या नाहीत, म्हणून त्या राहिल्या.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची जगात मोठी जमात आहे. ते तबकडीच्या मधल्या कागदाशेजारी कोरलेला बारीक आकडा भिंगातून वाचतात. तो आकडा सांगतो की हे गाणं कितव्या खेपेला वाजवलेलं. एकच गाणं दोन-तीनदा मुद्रित करून कंपनी एक छापे, बाकीची ठेवून देई. त्या न छापलेल्या खेपांसाठी ही मंडळी जीव टाकतात. तबकडी सापडली की ती धुवायची, खाचेला बसेल अशी सुई निवडायची, एकाच तबकडीच्या चार प्रतींतली कमी झिजलेली शोधायची, फेऱ्यांचा वेग जुळवायचा. वेग जरा चुकला की बाईचा आवाज पोरीसारखा होतो. मग ते नव्या रेकॉर्डवर काढायचं. निगुतीचं काम आहे.

यात नशीबही लागतं. बेनी गुडमन हा गोरा बँडवाला फार मोठा. त्याच्या १९३८ च्या गाजलेल्या कार्यक्रमाच्या तबकड्या बारा वर्षं कपाटात पडून होत्या. त्याच्या मेहुणीच्या हाती लागल्या आणि १९५० मध्ये रेकॉर्ड निघाली. ती साफ करून उतरवणारा इंजिनियर बिल सॅव्हरी. याने स्वतः १९३५ पासून काही वर्षं रेडिओवरचे कितीतरी कार्यक्रम तबकड्यांवर घेऊन ठेवले होते, पण तो ते फारसं कुणाला ऐकवत नसे. तो वारला आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जॅझ संग्रहालयाने त्याच्या मुलाकडून ते घेतलं, तेव्हा हजाराच्या आसपास तबकड्या निघाल्या. काही तोवर खराब झालेल्या. जपलं खरं, पण पेटीत कोंडून.

जमवणारे बहुतेक पुरुष. मोठ्या नावांच्या पुरुष वादकांची एकेक खेप ते शोधत. बायांच्या बँडसाठी एवढी धडपड कुणी केली नाही, ती रोझेटा राइट्झ या बाईने केली. न्यूयॉर्कची ही बाई पन्नाशी ओलांडलेली होती. पूर्वी पुस्तकांचं दुकान चालवलेलं, पाळी जाण्याच्या वयाबद्दल बायांना धीर देणारं पुस्तक १९७७ मध्ये लिहिलेलं. जॅझच्या इतिहासात बाया का दिसत नाहीत, हा प्रश्न तिला पडला आणि १९७९ च्या सुमाराला तिने मैत्रिणी-मित्रांकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. बचत गटातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. गाणी तिने शोधायची, फोटो तिने मिळवायचे, माहिती तिने लिहायची, वरचं वेष्टन तिने करायचं आणि पार्सलंही तिनेच पाठवायची.

त्याच सुमाराला, १९८० मध्ये, कॅन्सस सिटीत बायांच्या जॅझ महोत्सवात या बँडच्या जुन्या वादक गोळा झाल्या. पियानोवादक मरियन मॅकपार्टलंडने त्यांच्यावर लिहिलं. पण लेख वाचून ट्रंपेट ऐकू येत नाही. १९८४ मध्ये रोझेटाने त्यांची पूर्ण रेकॉर्ड काढली, मुख्यतः त्या लष्करी रेडिओच्या तबकड्यांवरून. चाळीस वर्षांनी लोकांनी ऐकलं आणि बाया दमदार वाजवू शकत नाहीत हे म्हणणं अवघड झालं. १९८६ मध्ये ग्रेटा शिलर आणि अँड्रिया वाइस या दोघींनी त्यांच्यावर माहितीपटही केला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने देशाने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांची जी यादी ठेवली आहे, तिच्यात २०१२ मध्ये ही गाणी घातली.

एका वादकाचं सांगायलाच हवं. हेलन जोन्स, शाळेच्या संस्थापकांनी दत्तक घेतलेली मुलगी, ट्रॉम्बोन वाजवायची. बँड सुटल्यावर ती ओमाहा शहरात गेली. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात तिला घेतलं. तिचा रंग उजळ होता. पहिल्या कार्यक्रमानंतर तिला न्यायला वडील आले, त्यांचा काळा रंग दिसला आणि तिचं काम गेलं. तिने ट्रॉम्बोन ठेवून दिला तो पुन्हा हातात घेतला नाही. नर्सिंग आणि समाजसेवेचं काम करत आयुष्य काढलं, चार मुलं वाढवली. तिची मुलगी कॅथी ह्यूजेस हिने १९८० मध्ये रेडिओ वन ही कंपनी सुरू केली आणि काळ्या लोकांच्या मालकीचं मोठं रेडिओ-जाळं उभं केलं. हेलन २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत गेल्या.

रेडिओवर हे बोलणं झालं तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं की ऐकायचं कुठे. मोबाईलवर मराठीत बोलून ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ म्हणा, गाणी येतात. १९४६ साली सिनेमासारखं चित्रित केलेले त्यांचे दोन-तीन तुकडेही आहेत, त्यांत अॅना मे विनबर्न गाताना दिसते. ज्युबिलीच्या तबकडीवरचं गाणं असेल तर सुरुवातीला पुरुष निवेदकाचा आवाज येईल. तो जरा जास्तच बडबडतो, तेवढं सोसा. खरखरही असेल. गटाच्या बैठकीत ऐकणार असाल तर मोबाईल स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा करून ठेवा, आवाज मोठा होतो. सॅक्सोफोन एकटा वाजायला लागला की ती व्हाय बर्नसाइड असण्याचा संभव जास्त.