शकुंतलेची शिट्टी खरी वाटते की नाही, हे ठरवणार कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग थोडा आवरून इथे टाकतोय. मी यवतमाळचा, कामाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे आज इतिहास आणि कोड दोन्ही येणार.

समजा, तुम्ही यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज स्टेशनवर इअरबड घालून उभे आहात. आजूबाजूचे ऑटो, माणसं, पाखरं सगळं ऐकू येतंय आणि त्यातच दारव्ह्याकडून शकुंतला आल्याचा आवाज येतो. ऑगमेंटेड रिॲलिटीतला आवाज म्हणजे हाच: खऱ्या जगात एक नसलेला आवाज मिसळायचा. तो खरा वाटतो का, हे तपासायचं कसं?

आधी गाडीबद्दल

वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीने ही लाइन टाकली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, वाटेत दारव्हा, कारंजा. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथे एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. मग डिझेल आलं आणि पुढे गाडीच थांबली.

'हुबेहूब'ची जुनी परीक्षा

१९१५ पासून अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने जाहीर 'टोन टेस्ट' घेतल्या. स्टेजवर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवायचे आणि प्रेक्षकांनी ओळखायचं, कोण गातंय. लोक फसायचे! पण ॲना केस या गायिकेने अनेक वर्षांनी सांगितलं, की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घ्यायची. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता. परीक्षा कशी घेतली, यावर निकाल ठरतो, तो असा.

कान काय बघतो?

लॉर्ड रॅलेने १९०७ मध्ये मांडलं, की दिशा ओळखायला दोन कानांमधला फरक कामी येतो. अगदी बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिरा पोचतो, तरी मेंदू ते पकडतो. त्यात कानाच्या पाळीचा आकार आणि भिंतींवरून येणारा घुमारा मिसळतो. शिवाय तुम्ही मान वळवली तरी इंजिन जागेवरच राहिलं पाहिजे. ते मानेबरोबर फिरलं, की खेळ खलास.

प्रश्न एकच: खरं की खोटं?

२०१२ मध्ये बर्लिनच्या लिंडाऊ आणि वाइनझिर्ल यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. खऱ्या आवाजाशेजारी ठेवूनही फरक कळत नाही, ती एक. आणि ऐकणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेशी जुळतो, ती दुसरी. दुसरीसाठी त्यांनी लोकांना सभागृहात हेडफोन घालून बसवलं. कधी खऱ्या स्पीकरचा आवाज, कधी बनावट. प्रत्येक वेळी विचारायचं: खरं की खोटं? उत्तरं नाणं उडवल्यासारखी आली, तर तुमचा आवाज पास.

आता शकुंतलेकडे या. शेजारी ठेवून तुलना करायला वाफेचं इंजिन आज तिथे धावत नाही. म्हणून पहिली परीक्षा बाद. उरली मनातल्या आवाजाशी तुलना. आणि तो आवाज माझ्याकडे नाहीच, कारण माझा जन्म १९९४ नंतरचा. माझ्या मनातली आगगाडी सिनेमातली आहे. त्यामुळे ब्रॉडगेजची भलतीच शिट्टी लावली, तरी आम्ही पोरं "वा, एकदम खरं!" म्हणू.

परीक्षक व्हायला हवेत ते चाळिशीपुढचे लोक. आणि ते एकेकटे, कारण घोळक्यात एकाने मान डोलावली की सगळे डोलावतात. मध्येच मुद्दाम चुकीची शिट्टीही ऐकवायची. थंडीच्या रात्रीची वेगळी ऐकवायची, कारण जमिनीलगतची हवा गार झाली की आवाज खाली वळतो आणि लांबवर जातो. स्टुडिओतली कोरडी शिट्टी त्यांना लगेच खटकेल.

तंत्रज्ञान दरवर्षी सुधारतंय, ते थांबणार नाही. आठवणारे कान मात्र दरवर्षी कमी होतायत. म्हणून आधी ॲप आणि मग परीक्षक, हा क्रम मला उलटा वाटतो. तुमच्या घरी, दारव्ह्यात, कारंज्यात कुणी या गाडीने गेलं असेल, तर फोनचा रेकॉर्डर लावा आणि विचारा: शिट्टी कशी होती, एक लांब की तुटक? घरापर्यंत यायची का? कुठल्या दिशेने? ते उत्तर म्हणजेच आपला मोजमापाचा काटा आहे.

भेटू पुढच्या भागात!