मोजपट्टी आधी ठरते

कोल्हापूरजवळ शिरोलीत ओतकामाचे कारखाने आहेत. तिथे पॅटर्न करणाऱ्या मेस्त्रीला साधी पट्टी चालत नाही. बीड थिजताना सुमारे एक टक्का आकसते. तेवढी वाढ धरून आखलेली पट्टीच घ्यावी लागते. ही वाढ कामाच्या आरंभी एकदा ठरते आणि पुढचे सगळे ती गृहीत धरून चालतात. संगणकाच्या आज्ञावलीत अशी सर्वांनी वापरायची किंमत एका नावाखाली ठेवतात. त्या नावाला व्हेरिएबल म्हणतात.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले. निमित्त घरगुतीच म्हणावे असे. एका सहकाऱ्याची सकाळ मुळात दुरुस्त झालेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे 'मेक'च्या यादीत लिहायचे, आणि कंपायलरचे नाव वगैरे माथ्यावर एकदाच मांडायचे.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल आले आणि किमती एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे देण्याची सोय झाली. पण मिळते ती नक्कल. धाकट्याने नक्कल खोडली म्हणून थोरल्याकडचा मूळ दस्त बदलत नाही! नवशिके इथेच अडखळतात.

कोसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 'हडसन' सुरू केले. ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये त्याचे 'जेन्किन्स' झाले. त्याच्या ग्रूव्ही स्क्रिप्टमध्ये माथ्यावर 'डेफ' लावून मांडलेली किंमत खालच्या फंक्शनांना दिसत नाही. 'डेफ' काढले, की दिसते. म्हणजे माथ्यावर लिहिलेले सगळेच सामायिक नसते.

याची किंमत किती पडू शकते, ते जानेवारी २०१५ मध्ये दिसले. लिनक्सवरच्या 'स्टीम'च्या एका स्क्रिप्टमध्ये फोल्डरचा पत्ता धरणारे व्हेरिएबल होते. ते रिकामे राहिले, तर पुढची पुसण्याची आज्ञा डिस्कच्या मुळापासून चाले. एका वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली तर गेल्याच, जोडलेल्या डिस्कवरच्या बॅकअपच्याही गेल्या. त्या आज्ञेच्या वर लिहिणाऱ्यानेच 'भीतिदायक' अशा अर्थाचा शेरा इंग्रजीत मारून ठेवला होता.

किंमत रिकामी असेल तर तिथेच थांब, हे शेलला दोन चिन्हांत सांगता येते. ही सोय तेव्हाही जुनी होती. त्या ओळीत ती चिन्हे नव्हती.