पिवळा रंग : दिसायला सोपा, ओळखायला अवघड

सूर्यप्रकाश लोलकातून गेल्यावर जो वर्णपट उलगडतो, त्यात पिवळ्या रंगाच्या वाट्याला अगदी अरुंद पट्टा येतो. साधारणपणे ५७० ते ५९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मानवी डोळा ‘पिवळा’ म्हणतो. एवढ्याशा पट्ट्यातील या रंगाने भारतीय जीवनात मात्र मोठी जागा व्यापली आहे. लग्नातील हळद, जेजुरीचा भंडारा, दसऱ्याचा झेंडू, उत्तर भारतातील मोहरीची शेते, वसंत पंचमीची वस्त्रे, शाळांच्या बसगाड्या, कोलकात्याच्या टॅक्सी, सर्वत्र तोच दिसतो. परंतु दिसणारा पिवळा नेमका कशाचा आहे, हे केवळ पाहून सांगता येत नाही. विज्ञानाला हा धडा एका सूर्यग्रहणाने दिला. स्वयंपाकघरात तो अजून पुरता पोहोचलेला नाही.

याचे मूळ डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावरील शंकुपेशी तीन प्रकारच्या असून त्यांपैकी एकही प्रकार पिवळ्यासाठी राखीव नाही. लांब आणि मध्यम तरंगलांबीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास सारख्याच उद्दीपित झाल्या की मेंदू त्या संवेदनेला पिवळा रंग मानतो. त्यामुळे सोडियमच्या दिव्याचा निव्वळ पिवळा प्रकाश आणि लाल व हिरव्या प्रकाशाचे योग्य मिश्रण डोळ्याला सारखेच भासू शकते. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या सूर्यफुलात पिवळा प्रकाश जवळपास नसतोच. तेथे फक्त लाल आणि हिरवे सूक्ष्म ठिपके एकाच वेळी उजळलेले असतात. दिवसाच्या प्रकाशात मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी छटेला, सर्वाधिक संवेदनशील असतो. पिवळा त्याच्या शेजारीच असल्याने तो इतर रंगांपेक्षा उजळ वाटतो आणि इशाऱ्याच्या फलकांना उपयोगी पडतो. काविळीच्या रुग्णाला जग पिवळे दिसते ही समजूत मात्र म्हणीपुरतीच ठेवावी. बिलिरुबिन साचल्याने त्याचे डोळे इतरांना पिवळे दिसतात, त्याची स्वतःची दृष्टी सहसा बदलत नाही.

ग्रहणाचा प्रसंग १८ ऑगस्ट १८६८ चा. त्या दिवशीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसणार असल्याने युरोपातील निरीक्षक येथे आले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून वर्णपटदर्शकाद्वारे सूर्याच्या ज्वाळांचे निरीक्षण केले. ग्रहणाच्या निरीक्षणांत एक ठळक पिवळी रेषा नोंदली गेली आणि ती सोडियमची समजली गेली. त्यात नवल नव्हते. सोडियमच्या जोडरेषा ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, तर ही नवी रेषा ५८७.६ वर होती. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तीच रेषा तपासली आणि पुढे ती सोडियमची नसल्याचे स्पष्ट झाले. ज्या मूलद्रव्याची ती होती त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडावे लागले. विल्यम रॅम्से यांना ते एका युरेनियमयुक्त खनिजात सापडले. लॉकयर यांनी १८६८ चे ग्रहण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिले, असे कोकणात सांगितले जाते. तथापि ते त्या वर्षी भारतात आलेच नव्हते. त्यांची भारतभेट १८७१ च्या ग्रहणासाठी झाली.

निसर्गातील पिवळेपणा बहुतांशी कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा असतो. पान पिकते तेव्हा हरितद्रव्य विघटित होते आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन हे याच गटातील द्रव्य असते. मूळचे अमेरिका खंडातील हे फूल आज आपल्या तोरणांतून वगळण्याची कल्पनाही करवत नाही. सूर्यफुलाच्या आपल्याला एकसारख्या पिवळ्या दिसणाऱ्या पाकळ्यांवर मधमाशीला मध्यभागी गडद वलय दिसते, कारण तिला अतिनील किरणही दिसतात.

हळदीचा रंग मात्र वेगळ्या कुळातला आहे. तो करक्युमिनचा. हे द्रव्य निळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. हळकुंडात त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. मेघालयातील लाकाडोंग हळदीत ते ७ टक्क्यांच्या आसपास जाते. अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात करक्युमिन लाल होते. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याचेही कारण हेच. संस्कृतातील ‘हरिद्रा’ हे हळदीचे नाव तिच्या रंगावरूनच पडले. बंगालमध्ये लग्नाआधी ‘गाये होलुद’ असते, तर तमिळ घरांत पोंगलच्या भांड्याला हळदीचे ओले रोप बांधतात. जगातील सर्वाधिक हळद भारतात पिकते. सांगली आणि निजामाबाद ही तिच्या व्यापाराची नामांकित केंद्रे असून, निजामाबाद येथे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालील पेवांत साठवली जात असे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या पुष्कळांनी पेव पाहिलेले नसते.

भारतातील दुसरा प्रसिद्ध पिवळा चित्रकारांचा होता. उत्तर भारतात त्याला ‘पिउरी’ म्हणत. राजस्थानी व पहाडी लघुचित्रांत तो आढळतो आणि युरोपातील चित्रकारही तो वापरीत. १८८३ मध्ये बंगाली लेखक व संग्रहालय अधिकारी त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी त्याचा उगम लिहून कळविला. बिहारमधील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी गवळी गायींना आंब्याची पाने खाऊ घालत आणि त्यांचे मूत्र आटवून हा रंग तयार करीत, असे त्यांचे निवेदन होते. या कथेवर पुढे शंकाही घेतली गेली. मात्र लंडनच्या क्यू उद्यानात जतन केलेल्या त्यांच्याच नमुन्यांचे रासायनिक परीक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात मूत्राशी संबंधित हिप्युरिक आम्ल आढळले. विसाव्या शतकाच्या आरंभी पिउरी बाजारातून नाहीशी झाली.

नाव मात्र उरले. बांगलादेशात आज ‘पिउरी’ या नावाने जो पिवळा विकला जातो, तो शिशाचे क्रोमेट असतो. युरोपात हाच ‘क्रोम यलो’. व्हॅन गॉग यांनी १८८८ च्या सूर्यफुलांच्या चित्रांत तो वापरला असून प्रकाशाच्या परिणामाने तो तपकिरी पडत असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. चित्रात तो काळवंडतो एवढीच हानी. हळदीत मिसळला तर शिसे थेट पोटात जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, बांगलादेशात या भेसळीची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. एका मोठ्या पुरामुळे हळद ओली राहून निस्तेज झाली आणि ती विकली जावी म्हणून पॉलिश करताना हा रंग टाकला जाऊ लागला. ग्रामीण भागातील गर्भवती महिलांच्या रक्तात आढळलेल्या शिशाचा माग हळदीपर्यंत लागला. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतही यातून सुटलेला नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतील २३ शहरांमधून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण प्रति ग्रॅम २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची हळदीसाठीची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे, आणि पाटण्यातील एका नमुन्यात ते २२७४ मायक्रोग्रॅम आढळले. येथे दोष शेतकऱ्याच्या पिकाचा नव्हे. हळकुंडे शिजवून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश केली जातात आणि रंग चढविला जातो तो याच टप्प्यावर किंवा त्यानंतर. अधिक पिवळ्या मालाला अधिक भाव देणारा ग्राहकही या साखळीचा एक दुवा आहे, हे मान्य करावे लागते.

घरच्या घरी एक प्राथमिक चाचणी करता येते. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अख्खे हळकुंड टाकावे. वरून रंग चढविलेला असल्यास तो लगेच पाण्यात गडद उतरतो. थोड्या प्रमाणातील शिसे मात्र या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी क्ष-किरणांच्या साह्याने मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र लागते. बांगलादेशात २०१९ नंतर बाजारांतच अशी हाती धरण्याजोगी यंत्रे नेली गेली. सर्वांसमक्ष तपासणी झाली, दोषी व्यापाऱ्यांना दंड झाला आणि त्याला वृत्तपत्रांतून प्रसिद्धी मिळाली. शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले, आणि हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले.