वऱ्हाडातील शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी : वलगावच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शास्त्रीय संगीताचा इतिहास लिहिला जातो तेव्हा मिरज, पुणे, मुंबई, कोल्हापूर ही नावे प्रथम येतात. वऱ्हाडचा उल्लेख बहुधा एखाद्या कलावंताच्या जन्मस्थानापुरता होतो. ज्या प्रदेशात संस्थानिकांचा मोठा दरबार नव्हता व घराण्याच्या गवयांची वस्तीही फारशी नव्हती, तेथील विद्यार्थी शास्त्रीय गायनाकडे कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न त्यामुळे बाजूला राहिला. प्रस्तुत लेखात अमरावतीला लागून असलेल्या वलगावच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

शिष्य ते परीक्षार्थी

एकोणिसाव्या शतकात गाणे शिकणे म्हणजे घर सोडणे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी ख्याल मिळविला तो ग्वाल्हेरच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करून. गुरूच्या घरची कामे, मिळेल ते अन्न आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा तालीम, असे ते शिक्षण होते. त्याचे आज गौरवाने वर्णन होते. परंतु ज्यांना अर्ध्यावरून परतावे लागले त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

बुवांचेच शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गायनाला वर्ग, वेळापत्रक व फी यांची शिस्त आली. सभ्य घरातील मुलामुलींनी गाणे शिकण्यास प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः या शाळेमुळे. दुसरीकडे विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांतून शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापून खुल्या केल्या. १९३१ मध्ये पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षांची जी शिडी आज सर्वत्र दिसते, ती या मंडळाची. (पलुस्कर व भातखंडे यांच्या स्वरलिपी निरनिराळ्या असल्याने विद्यार्थ्याला दोन्ही घोकाव्या लागतात. दोन विष्णूंच्या मतभेदाची किंमत शंभर वर्षांनंतरही परीक्षार्थीच मोजतो आहे.)

वऱ्हाडच्या दृष्टीने या घटनांचे महत्त्व फार मोठे आहे. हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेला व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. अमरावतीला महाविद्यालय झाले १९२३ मध्ये. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. येथील नव्या मध्यमवर्गाला गवयाचे घर अपरिचित होते; शाळा, पुस्तक आणि परीक्षा मात्र परिचित होत्या. गाणे या ओळखीच्या वेषात आले म्हणूनच ते येथे रुजू शकले.

वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर परिसरात २ मे १९२० रोजी जन्मलेले डॉ. वसंतराव देशपांडे हे या संक्रमणाचे उत्तम उदाहरण होय. त्यांचे बालपण नागपुरात गेले. तेथे पलुस्करांच्या परंपरेतील शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी पाया घातला, म्हणजे आरंभ शाळेतच झाला. पुढे लाहोरला असद अली खाँ यांनी त्यांना कित्येक महिने एकच मारवा शिकविला. नंतर लष्करी हिशेब खात्यातील नोकरी सांभाळीत सुरेशबाबू माने, अमान अली खाँ यांच्याकडून त्यांनी विद्या मिळविली. रंगभूमीवरील ‘कट्यार काळजात घुसली’ने १९६७ पासून त्यांचे नाव घराघरांत नेले.

या चरित्रात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ‘एकच मारवा’ ही आहे. परीक्षेच्या अभ्यासक्रमात एका वर्षात अनेक राग उरकावे लागतात. पाठ्यक्रमाने वऱ्हाडच्या मुलाला दार उघडून दिले, परंतु एका रागात महिनोन् महिने राहण्याची मुभा दिली नाही. ती मिळविण्यासाठी वसंतरावांना प्रदेश सोडावा लागला. ३० जुलै १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले होते.

वलगावचा कान

वलगाव हे अमरावती-परतवाडा मार्गावरील गाव. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात देह ठेवला आणि अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते. बाबांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत, प्रश्नोत्तरांतून रंगे. श्रोता त्यात गप्प बसू शकत नसे. याच जिल्ह्यातील यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांनी खंजिरीवर भजन गाऊन गावोगाव ताल पोहोचविला. म्हणून या पट्ट्यातील मुलगा संगीताच्या वर्गात येतो तो कोरा येत नाही. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्याच्या हातात असतात. भैरवी त्याने रात्रभराच्या भजनाच्या शेवटी ऐकलेली असते. भीमपलास, काफी अभंगांतून कानावर पडलेले असतात, फक्त नावे ठाऊक नसतात.

अडचण सुरू होते ती विलंबित एकतालाशी. बारा मात्रांचे ते संथ आवर्तन, त्यात दोन मात्रांमधील मोकळी जागा. भजनात टाळाने भरलेली ही जागा येथे रिकामी ठेवून ऐकावी लागते. दुसरी अडचण स्वराची. भजनी मंडळात पेटी असते, तंबोरा नसतो. पेटीच्या ठरावीक पट्ट्यांवर तयार झालेल्या गळ्याला मींड व आंदोलन परके वाटतात. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीला मज्जाव केला होता, आणि तरीही वऱ्हाडातील शिक्षणाचे मुख्य साधन पेटीच राहिले. मिरजेचा तंबोरा घेणे व लहान घरात सांभाळणे शेतकरी कुटुंबाला कठीण; इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि अलीकडे मोबाइलमधील तंबोरा यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, हे मान्य केले पाहिजे.

गुणांचा प्रश्न

अमरावती-अकोल्यातील काही महाविद्यालयांत बी. ए. ला संगीत हा विषय आहे. खासगी वर्गांतून मंडळाच्या परीक्षाही होतात. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून प्रवेशिकेचे अर्ज केवळ आवडीने भरले जातात असे म्हणता येत नाही. २०१७ च्या निकालात राज्यातील १९३ विद्यार्थ्यांना शंभर टक्के पडले, त्यात खेळ व कला यांच्या वाढीव गुणांचा वाटा होता. गुणांसाठी आलेल्या मुलांपैकी एखादा गाण्यात टिकतो, हे खरे. पण दहावीनंतर पेटीचे झाकण मिटते ते बहुतेकांच्या बाबतीत कायमचेच.

वलगावातून सकाळी अमरावतीला जाणाऱ्या आणि संगीत विषय घेतलेल्या विद्यार्थ्याची स्थिती यामुळे विचित्र होते. महाविद्यालयात त्याला थाट, वादी-संवादी, दोन स्वरलिपी विचारल्या जातात. तो भजनात टाळ धरतो की काय, हे कोणी विचारीत नाही. प्रात्यक्षिकाला बाहेरगावाहून आलेले परीक्षक ठरलेल्या मिनिटांत मोठा ख्याल, छोटा ख्याल व ताना ऐकून पुढचा क्रमांक पुकारतात. त्याच आठवड्यात गावात सप्ताह असेल, तर हाच विद्यार्थी रात्री पेटीवर बसतो आणि मंडळींना काळी चार धरून देतो.