शिखरांवरील वनस्पतींचें दप्तर

तिसगाव हें पाथर्डी तालुक्यांतलें गांव. जवळच वृद्धेश्वराचे डोंगर, आणि पाऊस बेताचा, म्हणजे वर्षाकाठीं पांचसहाशें मिलिमीटरांच्या आसपास. त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अकोले तालुक्यांत, १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर पावसाळाभर धुक्यांत बुडालेलें असतें. इकडे माळावर कुसळी गवत नि बाभूळ. तिकडे कारवी, जी साधारणतः सातआठ वर्षांनीं एकदांच फुलते आणि मरून जाते. झाडपाला हा हवामानाचा किती आज्ञाधारक नोकर आहे, हें या एका जिल्ह्यांतच दिसतें. मग धनीच स्वभाव पालटूं लागला तर हा नोकर काय करितो? याचें उत्तर नुसत्या डोळ्यांनीं मिळत नाहीं. जुनीं दप्तरें काढावीं लागतात.

असें एक दप्तर स्वित्झर्लंडांत आहे. ओस्वाल्ड हेअर हा निसर्गशास्त्रज्ञ १८३५ सालीं पिझ लिनार्ड या ३४१० मीटर उंच शिखरावर चढला, तेव्हां माथ्यावर त्यास फुलझाडाची एकच जात आढळली. पुढें निरनिराळ्या पिढ्यांतील माणसें तेथें जाऊन मोजणी करीत राहिलीं; २०११ मध्यें तेथें १६ जाती भरल्या. ऊब वाढली तशीं खालचीं रोपें वर सरकलीं. आपल्या देशांतही सिक्कीमचें उदाहरण आहे. जोसेफ हूकर यानें १८४९ व १८५० मध्यें तेथील वनस्पतींचे उंचीचे आंकडे टिपून ठेविले होते. २००७ ते २०१० या काळांत संशोधकांनीं तेच उतार पुन्हां पाहिले, तों १२४ स्थानिक जातींपैकीं शेंकडा ८७ जातींनीं आपली जागा बदललेली! शंभर सव्वाशें नव्हे, दीडशें वर्षांपूर्वींच्या टिपणवहीचें हें मोल.

आमच्या सह्याद्रीचें काय? डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा दापोडीच्या सरकारी बागेचा अधिकारी. जुन्नरजवळ हिवरें येथेंही त्याच्या देखरेखीखालीं बाग होती. १८४७ त तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले कीं झरे आटतात, हें कोंकणांत पाहून त्यानें सरकारास बजाविलें होतें. त्याचा व डाल्झेलचा वनस्पतिविषयक ग्रंथ १८६१ सालीं निघाला. पुढें पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ च्या दरम्यान खंडशः प्रसिद्ध झाला. त्यांत संग्राहकाचें नांव, स्थळ आणि फुलण्याचा काळ दिलेला असतो. आमच्या मतें हेंच आपलें सर्वांत मोलाचें दप्तर. मात्र 'कोंकण', 'दख्खन', 'महाबळेश्वर' एवढ्यावर स्थळवर्णन पुष्कळदां संपतें. कड्याच्या कोणत्या पट्टींत किती रोपें होतीं, हें त्यांतून निघत नाहीं. नवी जात शोधणें हा पराक्रम, आणि मोजणी हें कारकुनी काम, अशी त्या काळची समजूत असावी. आजही ती अगदींच गेली आहे असें नाहीं.

डाल्झेलनें १८६४ च्या सुमारास जुन्नर भागांतील नमुन्यांवरून वर्णिलेली शिंदळ माकुडीच घ्या. शास्त्रीय नांवांत तिला गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचें नांव चिकटलें आहे. मांसल देठांची, तांबूस-जांभळ्या चांदणीसारख्या फुलांची ही लहानशी वनस्पति शिवनेरीच्या कड्यांत, पुरंदरालगतच्या वज्रगडावर आणि अकोल्यांतील रंधा धबधब्याजवळ नोंदलेली आहे. आल्प्सच्या रोपांस वर सरकण्यास बर्फाळ माथे तरी आहेत. सह्याद्रीस हिमरेषाच नाहीं, आणि कड्याच्या माथ्यापलीकडे आभाळ! कासच्या पठाराची स्थिति निराळी नाहीं. उंची सुमारें १२०० मीटर, जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेरडा, चवर, सीतेचीं आसवें यांनीं आपला संसार आटोपावयाचा. २०१२ मध्यें हें पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें, गर्दी वाढली.

पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या संग्रहांत जुन्या वाळलेल्या फांद्या कागदांवर चिकटविलेल्या आहेत. फांदीवर फूल, आणि खालीं चिठ्ठीवर स्थळ व तारीख. तेंच झाड त्याच डोंगरावर आतां कोणत्या तारखेस फुलतें, हें पाहण्यास एक वही, एक उंचीमापक आणि दर पावसाळ्यांत त्याच जागीं जाणारा मनुष्य, एवढ्यानें आरंभ होतो.