गादीवर बसूनही शिकत गेलेला राजा

भगिनींनो, थोर माणसे जन्मतःच थोर असतात, असे आपण लेकरांना सांगतो. राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र वाचले, तेव्हा मला निराळेच दिसले. हा राजा गादीवर बसल्यावरही शिकत गेला.

महाराजांनी १८९४ साली कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. १८९९ पासून तेथे वेदोक्ताचा वाद पेटला. महाराज शूद्र, म्हणून त्यांच्या घरी वेदोक्त मंत्र म्हणणार नाही, असे पुरोहितांचे म्हणणे. प्रथम हा प्रश्न राजघराण्याच्या मानाचा होता. पण राजाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्यांची काय असेल, हे त्यातूनच त्यांना उमगले असावे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखल्या.

तरी अस्पृश्य मुलांच्या शाळा निराळ्याच होत्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि १९१९ साली त्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुले एकत्र बसविली. १९२० साली वेठबिगार बंद केली. वेठ म्हणजे दामाविना राबणूक, गुलामगिरीची सख्खी बहीणच!

अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचेही असेच झाले. देशाची एकी आधी, गुलामांचा प्रश्न मागून, असे ते १८६२ साली लिहीत होते. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनीच बंडखोर प्रांतांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले.

महाराजांनी घरातही तेच केले. १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी वारले. त्यांच्या कोवळ्या विधवा पत्नी इंदुमतीदेवी यांना महाराजांनी कोपऱ्यात न बसविता शिकविले. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास चहाचे दुकान घालून दिले आणि गाडी थांबवून तेथला चहा स्वतः घेतला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. नुसत्या हुकमाने जे झाले नसते, ते त्या कपाने झाले.

आपले केज १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कोल्हापूरचा हुकूम इकडे लागू नव्हता. आज कायदा सर्वत्र एक आहे, पण भांडी घासणाऱ्या बाईचा कप काही घरांतून अजून खिडकीत निराळाच असतो, आणि हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलावताना जीभ अडखळते. तेव्हा यंदाच्या संक्रांतीला मंडळाने सर्वांना बोलवावे व चहाचे कप एकाच ताटातून फिरवावेत, अशी माझी सूचना आहे. मंडळाच्या बैठकीत तिचा विचार व्हावा, ही विनंती.